गहाण

गुरुवारी संध्याकाळी आम्ही पेट्रोल पंपामागच्या खोलीत जमतो,
टायरांच्या वासात.
आता आम्ही तिघंच. पूर्वी खुर्च्या पुरायच्या नाहीत,
कुणाला तरी तेलाच्या डब्यावर बसावं लागायचं
आणि नेमका तोच सगळ्यांत बरा वाजवायचा.

आधी तारा लावायच्या. त्यात अर्धा तास.
एल्डनचा बँजो अजून वासराच्या कातड्याचा,
दरीत धुकं उतरलं की बद्द बोलतो,
मग तो स्टोव्हपाशी धरून शेकतो त्याला,
म्हाताऱ्याची कंबर शेकावी तसा.
आमचे प्लास्टिकचे, त्यांना हवा बाधत नाही.
तरी अर्धा तास आम्हीही घेतो.

ल्युरीन सांगते तिचा पहिला बँजो:
पिठाच्या चाळणीचं कडं, वर मांजराचं कातडं.
मांजर कुणाचं, हे घरात विचारायचं नाही.
आई म्हणायची, हे सैतानाचं लाकूड आहे,
म्हणून ती मक्याच्या कोठीत बसून शिकली,
आणि उंदीर, म्हणते, एकदाही उठून गेले नाहीत.

मग माझी पाळी येते, आणि मी आपला
स्टोव्हमध्ये लाकूड सारतो.

संपाच्या त्या हिवाळ्यात मी माझा बँजो गहाण टाकला.
अक्रोडाची मान, दुसऱ्या पडद्यावर शिंपल्याची चांदणी,
तिचं एक टोक उडालेलं. साठ डॉलर.
त्यातून पीठ आलं, डाळ आली, पोरीचे बूट आले.
सोडवायला गेलो तेव्हा दुकानाच्या खिळ्यावर
एक ॲकॉर्डियन लटकत होतं.

पुढच्या गुरुवारी होबर्ट स्टिल्टनर आला
आणि तो बँजो मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसला.
मला वाटलं, आता म्हणेल, घे.
त्याने नुसता सूर विचारला.

सव्वीस वर्षं.
मी पत्र्याचा, टपालाने मागवलेला बँजो वाजवला
आणि माझाच आवाज समोरून ऐकला.
एकदा तर त्याने मानेत दोन बारीक खिळे ठोकले,
पोराच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे,
पाचवी तार वर अडकवायला.
त्या वर्षी मी त्याच्याशी बोललो नाही,
फक्त वाजवलं. त्यातही काही चुकलं नाही आमचं,
एवढा राग येऊनही.

पाचवी तार वेगळीच.
बाकीच्या चौघी डोक्यापासून निघतात,
ही वाटेत, मानेच्या मध्यावर येऊन मिळते,
आणि मग एकच सूर धरून बसते
गाणं कुठेही जावो.
शेवटी शेवटी होबर्टच्या छातीत कोळसाच उरला होता,
नाकात नळी, बोटं थकलेली,
अंगठा तेवढा चालायचा.
आम्ही त्या एका सुराभोवती वाजवत राहायचो.

मार्चमध्ये व्हर्डी आली,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून बँजो ठेवला, चहासुद्धा न घेता गेली.
मी मागची थाळी उघडली, चिठ्ठीबिठ्ठी असेल म्हणून.
आत उंदराचं जुनं घरटं
आणि अंगठ्याची एक नखी, डाव्या कडेला झिजलेली.
थाळी उलटी करून झटकली. आणखी काही नाही.

आज कुठून तरी विषय निघाला,
कुणाला कुठलं वाद्य जिवापाड.
ल्युरीन म्हणाली, होबर्टला जत्रेत एकाने
या बँजोचे दोन हजार देऊ केले होते.
म्हणाला, माझा नाही, क्लेटनचा आहे.
सगळ्यांना तेच सांगायचा. तुला माहीत नव्हतं?

मग दिला का नाही, मी म्हणालो,
जरा जास्तच मोठ्याने.

तिने तार पिळली, कान लावला, पुन्हा पिळली.
तू मागितलास का कधी?

बाहेर धुकं पंपापर्यंत आलं होतं.
एल्डन उठला,
कातडं शेकायला.